घरातील समुद्र आणि त्याच्या पाण्याचा हिशेब

आपल्या घरांत पाणी गाळून वापरण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. गाळून झाल्यावर गळण्यावर उरलेला अंश ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत हळुवार परत सोडावयाचा, ही जिवाणीची रीतही वडीलधाऱ्यांनी घालून दिली आहे. एका पाण्यातील जीव दुसऱ्या पाण्यात टिकेलच असे नाही, ही जाण त्या रीतीत आहे. काचेच्या पात्रात समुद्र मांडण्याची हौस आता शहरांतून लहान गावांकडेही वळू लागली आहे. म्हणून त्या पाण्याचे रसायन सभासद बंधुभगिनींपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबईस १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या काठावरच होते. पांढुर्णा व सौंसर येथून समुद्र शेकडो मैल दूर. येथे खारे पाणी घडवावेच लागते. किराणा दुकानातील मीठ त्यास चालत नाही, कारण ते बहुतांशी केवळ सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचेही क्षार असतात. म्हणून मत्स्यपात्रासाठी मुद्दाम तयार केलेले समुद्री मीठच घ्यावे. एक किलो पाण्यात सर्व क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असावेत. विहिरीचे अथवा बोअरचे जड पाणी न घेता आर. ओ. यंत्राचे शुद्ध पाणी वापरावे. उन्हाळ्यात पाणी आटते, परंतु मीठ मागे उरते. यास्तव तूट नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने भरावी. खारे पाणी ओतल्यास खारटपणा दिवसेंदिवस वाढत जाईल.

माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया हे विष तयार होते. सूक्ष्म जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पात्रात स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडणे म्हणजे त्यांना विषात सोडणेच होय.

याहून सूक्ष्म हिशेब कॅल्शियमचा. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. गोगलगाईचे कवच आणि दगडावर चढणारे गुलाबी शेवाळही त्याच द्रव्याचे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम, तर मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ती, म्हणजेच अल्कता, समुद्रात सुमारे ७ जर्मन अंश असते. पात्रात ती ७ ते ११ अंशांच्या दरम्यान राखतात. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगाड्यात खर्ची पडले, की अल्कता २.८ अंशांनी घटते. दोन्ही खाती एकाच वेळी नावे पडतात, म्हणून जमाही दोन्हींत करावी लागते. घाईने दोन्ही फार वाढविली, तर पाण्यातच पांढरी भुकटी बनून सारे वाया जाते. मॅग्नेशियम पुरेसे असल्यास हा धोका कमी होतो.

तात्पर्य, आकडा साधण्यापेक्षा तो स्थिर राखणे अधिक मोलाचे. व्यापारी जसा रोजकीर्द लिहितो, तशी वही पात्राशेजारी ठेवावी. उष्णता, खारटपणा व अल्कता यांची तारीखवार नोंद करावी. उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस असावी. आपल्याकडील वैशाखात पाणी गार ठेवण्याची तजवीज हवीच. माशांच्या ज्या औषधांत तांबे असते, ती गोगलगाई व प्रवाळ यांना घातक ठरतात.

आता मुख्य प्रश्न. हा समुद्र घरात मांडावाच काय? दगडी प्रवाळांस २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रातून तोडलेले प्रवाळ घेणे धर्मासही नाही आणि कायद्यासही नाही. ज्यास पाहावयाचे असेल त्याने मालवणास जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते त्यांच्या स्वतःच्या पाण्यात आहेत. कृत्रिम खडक व मोजके मासे ठेवावयाचे, तरी वरील हिशेब सुटत नाही. दुकान आठ दिवस बंद राहिले तर नफा बुडतो. पात्राकडे आठ दिवस दुर्लक्ष झाले तर जीव जातात. ज्यास रोजची नोंद जमणार नाही, त्याने ही हौस न केलेलीच बरी. जो करील, त्याने पाणी राखणे म्हणजे जीव राखणे, हे ध्यानी ठेवावे.