विश्व किती वेगानं पसरतंय? उत्तराचा एक धागा औंढा नागनाथला

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप, थोडी काटछाट करून. हा भाग पडेगावला गच्चीवर रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत दौलताबादकडे जाणाऱ्या ट्रकचे आवाज आहेत. ते मुद्दाम ठेवलेत, पुढे त्यांचं काम आहे.

रात्री इथून रस्त्याकडे बघितलं की लांब अंधारात एखादाच दिवा दिसतो. ती जवळची मोटारसायकल आहे की दूरचा ट्रक? नुसत्या दिव्यावरून नाही सांगता येत. तो दिवा मुळात किती प्रखर आहे हे माहीत असेल, तरच अंतर काढता येतं. खगोलशास्त्रातली निम्मी डोकेदुखी हीच आहे.

विश्व पसरतंय, हे आपण शाळेपासून ऐकतो. दीर्घिका जितकी लांब, तितकी ती वेगानं दूर जाते. किती वेगानं, हे सांगणाऱ्या आकड्याला हबल स्थिरांक म्हणतात, आणि तो काढायचा तर दोनच गोष्टी हव्यात: दीर्घिकेचा वेग आणि तिचं अंतर. वेग सोपा आहे, प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्यावरून कळतो. अडतं ते अंतरापाशी.

आता घोळ बघा. एक गट ताऱ्यांवरून मोजतो. आधी सेफीड नावाचे, ठरावीक लयीत कमी-जास्त तेजस्वी होणारे तारे, मग त्यांच्यावर बेतलेले स्फोट पावणारे तारे, अशी शिडी चढत जातात. त्यांचं उत्तर येतं ७३. म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतरामागे सेकंदाला ७३ किलोमीटर. दुसरा गट विश्व पावणेचार लाख वर्षांचं असतानाचा जो प्रकाश आजही सगळीकडून येतोय, तो मोजतो. प्लँक उपग्रहाच्या मोजणीतून उत्तर आलं ६७.४. काही जणांना मधलं, ७० च्या आसपासचंही मिळतं.

तुम्ही म्हणाल, सहाचा तर फरक! पण दोन्ही गट स्वतःची चूक एखाद-दीड आकड्याच्या आत आहे असं सांगतात, आणि दोघांनी अनेकदा फेरतपासणी केली आहे. ६७.४ धरलं तर विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं येतं. बाकी सगळं तसंच ठेवून ७३ घातलं तर शंभर कोटी वर्षं गायब होतात. म्हणजे एकतर कुणाची तरी शिडी वाकडी आहे, नाहीतर सुरुवातीच्या विश्वात आपल्याला न कळलेलं काहीतरी घडलंय. दुसरी शक्यता खरी निघाली तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील. (जयंत नारळीकर सरांनी महास्फोटाच्या सिद्धांतावर आयुष्यभर शंका घेतल्या. त्यांचा पर्याय बहुतेकांनी स्वीकारला नाही, पण सगळे म्हणतात म्हणून मान्य करायचं नाही, ही त्यांची सवय इथे उपयोगी पडते.)

मग तिसरा, शिडीच नको असलेला मार्ग आहे का? आहे. दिव्याऐवजी भोंगा.

दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. तारे जवळ येतील तसा या लहरींचा सूर चढत जातो. तो किती झपाट्यानं चढतो, त्यावरून मूळ आवाज किती मोठा होता हे आइनस्टाइनच्या समीकरणांतून थेट मिळतं. म्हणजे या भोंग्यावर त्याची ताकद लिहूनच येते! आपल्यापर्यंत किती क्षीण पोचला ते मोजा, अंतर हातात. ही कल्पना बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये मांडली, पण लहर प्रत्यक्ष सापडायलाच २०१५ उजाडलं.

१७ ऑगस्ट २०१७ ला तो भोंगा वाजला. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी सुमारे शंभर सेकंद ऐकला. इटलीतली व्हर्गो जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सोबत आली होती, आणि तिला जवळपास काहीच ऐकू आलं नाही. गंमत म्हणजे तेच कामाला आलं. व्हर्गोला ज्या दिशेचं नीट ऐकू येत नाही, तिथूनच तो आला असणार! त्यामुळे आकाशाचा सुमारे तीस चौरस अंशांचाच तुकडा उरला. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि काही तासांत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. दीर्घिका कळली म्हणून वेग कळला: आसपासच्या ओढाताणीची वजाबाकी करून सेकंदाला साधारण ३००० किलोमीटर. लहरींवरून अंतर आलं १४ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. भागाकार करा, ७० येतो.

बरोब्बर मध्ये! पण खरं उत्तर ६२ ते ८२ मध्ये कुठेही असू शकतं, म्हणजे दोन्ही गटांना आपलंच खरं म्हणायला मोकळीक. कारण ताऱ्यांची जोडी आपल्याकडे तोंड करून फिरत असेल तर आवाज मोठा येतो, तिरकी असेल तर लहान. आवाज लहान आला तो लांबून की तिरकेपणामुळे, हे कमी कानांनी नीट कळत नाही.

इथे औंढा नागनाथ येतं. लायगो-इंडियाची ४-४ किलोमीटर भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होतेय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि पुण्याची आयुका त्यातली एक प्रमुख संस्था आहे. आपल्याकडे बातम्या येतात त्या जमीन, रोजगार आणि ‘मराठवाड्याची शान’ एवढ्याच. खरं महत्त्व जागेचं आहे. अमेरिका आणि युरोपपासून इतका लांबचा कान मिळाला की लहर पोचण्याच्या वेळेतला फरक वाढतो आणि दिशा जास्त नेमकी कळते. वेगळ्या कोनात ठेवलेला आणखी एक कान असला की तिरकेपणाही सुटा काढता येतो. एका घटनेत चूक १४ टक्क्यांची असेल तर तशा पन्नास घटनांनी ती दोन टक्क्यांवर येते, आणि ६७ की ७३ हा वाद मिटायला तेवढं पुरावं. अडचण इतकीच की २०१७ नंतर लहर आणि प्रकाश दोन्ही निःसंशय मिळालेली अशी दुसरी घटना हाती लागलेली नाही. दिशा कळली नाही तर दुर्बीण वळवणार कुठे?

या विषयावर नेहमी येणारा प्रश्न: हिंगोली भागात २०२४ मध्ये मार्चला आणि जुलैला धक्के बसले, मग तिथे हे यंत्र कसं चालेल? प्रश्न रास्त आहे. पण यंत्राचे आरसे एकाखाली एक टांगलेल्या लोलकांवर असतात. धक्का बसला की मोजणी तुटते, काही वेळानं पुन्हा जुळवतात. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की अमेरिकेतल्या वेधशाळाही अशाच थांबतात. जास्त त्रास होतो तो रोजच्या, न थांबणाऱ्या थरथरीचा. जी लांबी मोजायचीय, तिच्यातला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. रेल्वे, कारखाने आणि आमच्या ऑडिओतले हे ट्रक, हे त्या यंत्राचे खरे शत्रू. पडेगावला ते कधीच चाललं नसतं.

वेधशाळा २०३० पर्यंत उभी करायचं ठरलंय. प्रश्न पाठवत राहा, भेटू पुढच्या भागात.