घाटातला धूर काय सांगतो?

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली गाडी साखरपा मागे टाकते आणि आंबा घाटाची चढण सुरू होते. सपाट रस्त्यावर निमूटपणे धावणारे इंजिन येथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने श्रमू लागते. पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमधून धुराचे लोट निघाले, की आपण काच वर करतो आणि ओव्हरटेक करण्याची संधी शोधतो. आपल्याच गाडीमागे कोणत्या रंगाचा धूर पडतो आहे, हे मात्र फारच थोडे चालक आरशात पाहतात. वास्तविक इंजिनाच्या आत काय बिघडले आहे, याची पहिली सूचना बहुधा तेथूनच मिळते. ती वेळीच ओळखली, तर किरकोळ दुरुस्तीवर भागते. दुर्लक्ष केले, तर संपूर्ण इंजिन खोलण्याची वेळ येते.

निरोगी इंजिनाचा धूर जवळजवळ दिसत नाही. अपवाद पहाटेचा. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. पावसाळ्याच्या दमट हवेत किंवा थंडीच्या सकाळी ही वाफ पांढरी दिसते, सायलेन्सरच्या टोकातून पाण्याचे थेंबही पडतात. इंजिन तापले की काही मिनिटांत हे सारे थांबते. हवेत तत्काळ विरणाऱ्या या वाफेला घाबरण्याचे कारण नाही.

पांढरा धूर : सर्वांत धोक्याचा

इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, हवेत रेंगाळला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट ज्वलनकक्षात शिरत आहे असे समजावे. हेड गॅस्केट उडणे, हे त्याचे नेहमीचे कारण. कूलंटची टाकी वरचेवर भरावी लागणे, त्यात बुडबुडे येणे आणि चढणीवर तापमानाचा काटा वर सरकणे, ही त्याची सोबतची लक्षणे होत. अशा स्थितीत 'घाट तेवढा चढून जाऊ' हा विचार महागात पडतो. अतितापाने सिलिंडर हेड वाकते आणि गॅस्केटपुरता असलेला खर्च अनेक पटींनी वाढतो. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये; आतील उकळते पाणी दाबाखाली असल्याने अंगावर उसळून गंभीर भाजते.

डिझेल गाडीत मात्र पांढऱ्या धुराचा आणखी एक अर्थ असतो. त्याला डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल, तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे. नोझल, ग्लो प्लग किंवा इंधन सोडण्याची वेळ, यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

निळा धूर : ऑइल जळते आहे

गॅरेजच्या भाषेत 'गाडी ऑइल खाते', तेव्हा धुरावर निळसर छटा येते. परंतु ऑइल कोठून शिरते, हे केवळ रंगावरून कळत नाही. त्यासाठी धूर केव्हा येतो, ते पाहावे लागते. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळ्या धुराचा एकच झोत आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्हच्या सिलांवर संशय घ्यावा. घाटाची उतरण याची उत्तम परीक्षा घेते. पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून उतरत असताना इंजिनात मोठी पोकळी निर्माण होते आणि झिजलेल्या सिलांमधून ऑइल आत ओढले जाते. पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच ते निळा धूर होऊन बाहेर पडते.

याउलट चढणीवर, भार पडत असताना सतत निळा धूर येत असेल आणि पिकअपही कमी झाला असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याची शक्यता अधिक. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोची गळती हेही कारण असू शकते. सिलांचे काम तुलनेने स्वस्त, तर रिंगांसाठी इंजिन उघडावे लागते. म्हणूनच 'इंजिनकाम निघाले' हे वाक्य ऐकल्यावर लगेच मान डोलावू नये. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. कमी कॉम्प्रेशन असलेल्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला, तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

काळा धूर : इंधन जास्त, हवा कमी

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी. कोकणातील जांभ्याची तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये बसते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यामुळे प्रथम फिल्टर पाहावा. तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यानंतर नोझल, टर्बोचा फाटलेला पाइप, काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सर, असा क्रम ठेवावा.

पुरानंतर किल्ली फिरवू नका

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा गाडीत धूर पाहण्यासाठी इंजिन सुरू करणे, हीच सर्वांत मोठी चूक ठरते. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढून ठेवावी आणि गाडी टो करून न्यावी. डिपस्टिकवरील ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे, हे निश्चित समजावे.

पीयूसी पुरेसे नाही

पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीच्या धुराचा रंग मोजला जात नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजले जाते. डिझेल गाडीत धुराची घनता पाहिली जाते : बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना ६५, तर बीएस-४ गाड्यांना ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. मात्र ही चाचणी उभ्या गाडीची असते, चढणीवरच्या भाराची नव्हे. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बसविलेला फिल्टर काजळी अडवून धरतो. तेथे धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त न राहता डॅशबोर्डवरील इशाऱ्याच्या दिव्याकडे आणि ऑइलच्या पातळीकडे लक्ष द्यावे.

पुढच्या वेळी घाट ओलांडाल, तेव्हा धूर कोणत्या रंगाचा होता, चढणीवर आला की उतरणीनंतर, इंजिन थंड होते की तापलेले आणि वास कसा होता, या चार गोष्टी टिपून ठेवा. मेकॅनिकपुढे 'गाडी धूर सोडते' एवढेच सांगण्यापेक्षा ही चार उत्तरे दिलीत, तर निदान अचूक होईल आणि नको असलेल्या दुरुस्तीचा खर्चही टळेल.