दोनशे मिनिटांचा हिशेब

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, पण कोण जिंकणार याची भाकिते ऑक्टोबरमध्येच छापून झालेली असतात. एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त विद्यापीठांचे संघ आहेत आणि ते ३१ कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत. कॉन्फरन्स म्हणजे आठपासून अठरापर्यंत विद्यापीठांचा गट. जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत हे संघ मुख्यतः आपसातच खेळतात आणि शेवटी गटाची स्वतःची बाद स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या ३७ जागा निवड समिती भरते आणि त्यातल्या बहुतेक मोठ्या कॉन्फरन्सच्या वाट्याला जातात. छोट्या कॉन्फरन्सला सहसा एकच जागा मिळते. गटात पहिले कोण आणि चौथे कोण, या प्रश्नाला म्हणूनच एवढे वजन आहे.

मोसमपूर्व क्रमवारी कुठे प्रशिक्षक ठरवतात, कुठे पत्रकार. प्रशिक्षकांना बहुधा स्वतःच्या संघाला मत देता येत नाही. पद्धत साधी असते: गेल्या वर्षीचा तक्ता समोर घ्यायचा, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या आणि व्यावसायिक लीगकडे निघालेल्यांच्या नावांवर काट मारायची, नव्याने येणाऱ्यांची नावे लिहायची आणि शिल्लक बघायची. त्यामुळे ‘सुरुवातीच्या पाचांपैकी चार परत’ हे वाक्य ऑक्टोबरच्या लेखांत जागोजागी भेटते. त्या वाक्यावर जेवढा विश्वास टाकला जातो, तेवढ्याला ते क्वचितच पात्र असते. नावांची बेरीज करणे सोपे आहे. गेलेला माणूस नेमके कोणते काम करत होता हे ओळखणे अवघड, आणि संघ उभा राहतो की कोसळतो ते त्यावरच ठरते.

प्रशिक्षकाचा हिशेब मिनिटांपासून सुरू होतो. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणजे दर सामन्याला २०० मिनिटे वाटायची असतात. सरासरी ३४ आणि ३१ मिनिटे खेळणारे दोन सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे खेळाडू, गेले तर ६५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, मोकळा होतो. हा हिस्सा एकाच नवख्याला देता येत नाही. दहा मिनिटे गेल्या वर्षीच्या सहाव्या खेळाडूला, बारा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला, थोडी दोन फर्स्ट इयरच्या मुलांना अशी ती विभागली जातात. पहिल्या वर्षाची मुले तिसऱ्या फाउलपर्यंत किती लवकर पोचतात, याचाही अंदाज त्यात धरावा लागतो.

गुणांचा हिशेब याहून फसवा. अठरा गुणांची सरासरी असलेला खेळाडू गेला म्हणून संघाचे अठरा गुण कमी होत नाहीत. एका सामन्यात संघाच्या हाती चेंडू साधारण सत्तर वेळा येतो आणि पुढच्या वर्षीही तो तितक्याच वेळा येणार असतो. गेलेल्या माणसाचे शॉट दुसरे कुणीतरी मारणारच. फक्त ते किती चांगले असतील एवढाच प्रश्न. पुरुषांच्या आणि महिलांच्याही सामन्यात एका ताब्यासाठी ३० सेकंद मिळतात. चोवीस सेकंद बचाव फुटला नाही की उरलेल्या सहा सेकंदांत कुणाला तरी अवघड जागेवरून, अंगावर माणूस असताना चेंडू टाकावाच लागतो. बहुतेक संघांत हे काम जाणत्या सीनियरच्या गळ्यात पडलेले असते. त्याची टक्केवारी त्यामुळे जरा खाली दिसते आणि शेजारच्याची वर. सीनियर गेला की ते शॉट शेजाऱ्याकडे येतात आणि गेल्या वर्षीची त्याची देखणी टक्केवारी निम्मी उसनी होती हे डिसेंबरपर्यंत उघड होते. पासिंग करणारा गार्ड गेला तर नुकसान आणखी पसरते, कारण त्याने दिलेल्या प्रत्येक सोप्या बास्केटचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले असते.

एकाच माणसाच्या जाण्याने संघ कसा मोडतो याचे चांगले उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाचे आहे. प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिस यांच्या पहिल्याच मोसमात, २०२२ साली, हा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असूनही कॅन्ससकडून तो ७२–६९ असा हरला. सुरुवातीच्या पाचांपैकी आर्मांडो बेकॉट, केलेब लव्ह, आरजे डेव्हिस आणि लीकी ब्लॅक हे चौघे परत आले. फक्त ब्रेडी मॅनेक गेला. मोसमपूर्व राष्ट्रीय यादीत नॉर्थ कॅरोलायनाला पहिला क्रमांक मिळाला आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या यादीतही पहिला. प्रत्यक्षात २०–१३ अशी कामगिरी होऊन संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या बाहेर राहिला. १९८५ मध्ये ती स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून मोसमपूर्व अव्वल संघावर अशी पाळी प्रथमच आली होती.

मॅनेक करत होता ते काम बघण्यासारखे होते. उंच फॉरवर्ड सहसा बास्केटजवळ घुटमळतो आणि त्याला अडवणारा उंच बचावपटूही तिथेच राहतो. मॅनेक मात्र पावणेसात मीटरवरच्या थ्री-पॉइंट रेषेबाहेर उभा राहायचा आणि तिथून दहापैकी चार वेळा चेंडू आत टाकायचा. त्याला मोकळे सोडणे परवडत नसल्याने प्रतिस्पर्ध्याचा एक उंच माणूस बास्केटपासून लांब ओढला जाई. आत बेकॉटला एकाच्या अंगावर खेळायला मिळे आणि लव्ह व डेव्हिस यांना चेंडू घेऊन घुसायला वाट मोकळी होई. मॅनेकने चेंडूला हात लावला नाही तरी हे काम चालूच असे. त्याच्याविना काय होईल याची चुणूकही मिळाली होती. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत गतविजेत्या बेलरविरुद्ध २६ गुण करून तो कोपर लागल्याच्या फाउलवर बाहेर काढला गेला, तेव्हा संघ २५ गुणांनी पुढे होता. उरलेल्या दहा मिनिटांत ती सगळी आघाडी संपली आणि सामना जादा वेळेत कसाबसा जिंकावा लागला. ऑक्टोबरमध्ये मते देणाऱ्यांनी ती दहा मिनिटे पुन्हा पाहिली असती तर पहिल्या क्रमांकावर त्यांचा हात थोडा अडखळला असता.

व्यवस्थापनाला गरज कळली नव्हती असे नाही. नॉर्थवेस्टर्नहून पीट नॅन्स याला आणले ते याच जागेसाठी. तोही उंच आणि लांबून मारणारा. पण तिथला त्याचा नेम इथे टिकला नाही, प्रतिस्पर्ध्यांनी त्याला सोडून आत गर्दी केली आणि परत आलेले चौघे तेच असूनही त्यांच्यासाठी मैदान अरुंद झाले.

उलट बाजू पुढच्याच वर्षी महिलांच्या मैदानावर दिसली. साउथ कॅरोलायनाने २०२२–२३ मध्ये ३६ सामने जिंकले आणि एकच हरला, तो उपांत्य फेरीत आयोवाविरुद्ध. त्यानंतर ॲलिया बोस्टनसह सुरुवातीच्या पाचही जणी गेल्या. नव्या मोसमाच्या राष्ट्रीय यादीत संघ सहाव्या क्रमांकावर घसरला आणि पहिला क्रमांक त्याच साउथईस्टर्न कॉन्फरन्समधल्या एलएसयूला मिळाला. प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायनाने ते वर्ष ३८–० असे संपवले आणि अंतिम सामन्यात आयोवाला ८७–७५ असे हरवले.

याला चमत्कार म्हणणे सोपे, पण बाकावर कोण होते ते पाहिले तर कोडे बरेचसे सुटते. दोन मीटर उंचीची कामिला कार्डोसो बोस्टनच्या मागे खेळत होती आणि कॉन्फरन्सची सर्वोत्तम बदली खेळाडू ठरली होती. रेव्हन जॉन्सन आदल्या वर्षीच सामन्यातला मोठा वेळ चेंडू हाताळत होती. बाकावरच्या इतर जणींनाही स्टेली यांनी जिंकलेल्या सामन्यांत भरपूर मिनिटे दिली होती. नव्या पाचांपैकी बहुतेकींनी आपले काम आधी एक वर्ष अर्धवेळ करून पाहिले होते. जे घरात नव्हते, म्हणजे लांबचा नेम, ते ऑरेगॉनहून टे-हिना पाओपाओला आणून भरून काढले. फर्स्ट इयरच्या टेसा जॉन्सनने अंतिम सामन्यात बाकावरून येऊन १९ गुण केले, ही वरकमाई.

या दोन मोसमांच्या मधली वाट सरावाच्या हॉलमधून जाते. पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत जास्तीत जास्त ३० दिवस पूर्ण सराव करता येतो. त्यातला बराच वेळ बचावाच्या एका जुन्या कवायतीत जातो. चार जण कमानीत उभे राहून चेंडू फिरवतात आणि प्रत्येक पासबरोबर चार बचावपटू आपापली जागा बदलतात: चेंडूजवळचा पुढे, पलीकडचा दोन पावले आत. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा फरक इथे आधी कानाला कळतो. मुरलेला सीनियर प्रत्येक पासला ओरडत असतो: चेंडू माझा, मदत डावीकडे, मागून स्क्रीन. तो गेला की पहिले काही दिवस हॉलमध्ये फक्त बुटांचा चरचराट आणि प्रशिक्षकाची शिट्टी ऐकू येते. नवख्याला जागा ठाऊक असते, पण तो चेंडूकडे बघत राहतो आणि आपला माणूस पाठीमागून निसटल्यावर एक पाऊल उशिरा वळतो. शिट्टी वाजते, सगळे पुन्हा पहिल्या जागी. उशिराचे हे पाऊल कोणत्याही आकड्यात नोंदले जात नाही, आणि मोसमपूर्व यादीत तर नाहीच. दबाव टाकणाऱ्या बचावापुढे बाहेरून चेंडू आत टाकणे, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गार्डला रात्रभर चिकटून राहणे, रागावलेल्या सहकाऱ्याला बाजूला नेणे ही कामेही तशीच बिननोंदीची.

सीनियर कुणाला म्हणायचे, हेही आता पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. मूळ नियम पाच वर्षांत चार मोसम असा. कोविडमुळे २०२०–२१ चा मोसम कुणाच्याच खाती धरला गेला नाही, त्यामुळे पुढची काही वर्षे पाचव्या-सहाव्या वर्षाचे खेळाडू सर्रास दिसू लागले. मॅनेक त्यातलाच, ओक्लाहोमात चार वर्षे काढून आलेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंदयादी, सुरू झाले; २०२१ पासून एकदा संघ बदलताना वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळून कितीही वेळा बदलण्याची मोकळीक मिळाली. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमावू लागले आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट वाटा देऊ लागली. गेलेल्याची जागा भरण्यासाठी प्रशिक्षक आता शाळेतल्या मुलाची वाट पाहत नाही. दुसऱ्या संघाचा तयार तिसऱ्या वर्षाचा खेळाडू आणतो.

हा बाजार एकाच दिशेने उताराचा आहे. छोट्या कॉन्फरन्सने घडवलेला खेळाडू मोठ्या कॉन्फरन्सकडे जातो, म्हणून तिथल्या प्रशिक्षकाला पदवीधरांबरोबरच आपल्या उत्तम सेकंड इयरवाल्यांचीही धास्ती असते. आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये तर खेळाची शिष्यवृत्ती नाही आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला खेळूही देत नाहीत; एखादा मोसम शिल्लक असलेला सीनियर तिथून निघतोच. प्रिन्स्टनने २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावे मानांकन असताना ॲरिझोना आणि मिझुरीला हरवले. त्यानंतर टोसान एव्हबुओमवान व्यावसायिक झाला आणि रायन लँगबोर्ग नॉर्थवेस्टर्नला गेला. तरी पुढच्या मोसमात प्रिन्स्टन लीगच्या तक्त्यात पुन्हा अव्वल राहिला, कारण आदल्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा केडन पिअर्स आता लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला होता. तिकडे लँगबोर्गने मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडा अटलांटिकविरुद्ध नॉर्थवेस्टर्नतर्फे सर्वाधिक गुण करून त्या संघाला पहिल्याच फेरीत घरी पाठवले. फ्लोरिडा अटलांटिक हा आदल्या वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरी गाठलेला आणि जवळजवळ सगळेच खेळाडू परत आलेला संघ. त्याला त्याच्या नव्या कॉन्फरन्सचे, म्हणजे अमेरिकन कॉन्फरन्सचे, पहिले स्थानही मिळाले नव्हते. ते शेजारच्या साउथ फ्लोरिडाने घेतले होते.

नोव्हेंबर-डिसेंबरमधले कॉन्फरन्सबाहेरचे सामने ही मोसमपूर्व अंदाजांची पहिली तपासणी. तिथे नुसता जय-पराजय बघून फारसे हाती लागत नाही, कारण मोठे संघ घरच्या मैदानावर दुबळ्यांना बोलावून जिंकत असतात. बघायचे असते ते शेवटच्या चार मिनिटांत मैदानावर कोणते पाच जण ठेवले जातात, चेंडू कुणाच्या हातात जातो आणि शॉट क्लॉकच्या अखेरीस तो कुणाकडे टोलवला जातो. केन पॉमरॉय यांच्यासारखे विश्लेषक दर ताब्यामागे मिळवलेले आणि दिलेले गुण मोजून संघांची प्रतवारी लावतात. त्यांच्या गणितातही सुरुवातीला गेल्या वर्षीची कामगिरी आणि परत आलेले खेळाडू यांचे वजन धरलेले असते. प्रत्यक्ष सामने साठतील तसे ते उतरत जाते. कॉन्फरन्सचे सामने अर्ध्यावर येईपर्यंत ऑक्टोबरची यादी त्या गणितातून जवळपास बाहेर पडलेली असते.