ओट्यावरची जागा

आईच्या कॉम्प्युटरचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. कुर्र, कुर्र, जरा थांबून पुन्हा कुर्र. एक्सेलमध्ये बचत गटाचे हिशेब उघडलेले, ब्राउझरमध्ये बँकेचं पान, त्यामागे नातीचे फोटो. माउस हलवला की पडद्यावरचा बाण दोन सेकंदांनी हलणार. गावातल्या एका दुकानदाराने निदान करून टाकलं होतं, "मावशी, नऊ वर्षं झाली मशीनला. आता नवा घ्या." आईने पैसेही बाजूला काढून ठेवले होते.

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ९४ टक्के, डिस्क १०० टक्के. प्रोसेसर निवांत होता, डिस्क मात्र धावून धावून थकली होती. मशीन म्हातारं झालेलं नव्हतं, त्याला रॅम पुरत नव्हती. हा फरक कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून घराघरांतून धडधाकट यंत्रं भंगारात जातात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. फोटोंनी फोन भरला की आपण 'मेमरी फुल झाली' म्हणतो, आणि कॉम्प्युटर अडखळायला लागला की तिथलेही फोटो उडवायला बसतो. पण हार्ड डिस्क ही कोठीची खोली. डबे, पिंपं, वर्षाचं धान्य तिथे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता जे चिरायचं, मळायचं, फोडणीला टाकायचं, तेवढंच ओट्यावर. कोठी अर्धी रिकामी केली म्हणून ओटा वीतभरही वाढत नाही.

ओटा भरला की कॉम्प्युटर काम थांबवत नाही. थोडा वेळ ज्याची गरज नाही ते तो गुपचूप डिस्कवरच्या एका राखीव फाइलीत नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलास या यंत्रात १९६२मध्ये प्रत्यक्षात आली. युक्ती मोठी सुंदर आहे, पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते. रॅममधली गोष्ट सेकंदाच्या एक कोटीव्या भागात हाती येते. फिरत्या तबकडीच्या डिस्कला ती शोधायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, म्हणजे लाखपट वेळ. मीठ हवं म्हणून दर वेळी शिडी लावून माळ्यावर चढायचं, तसं हे. आईच्या खोलीतली कुरकुर म्हणजे त्या शिडीचाच आवाज होता.

मेमरी ही एके काळी खरोखर हाताने ओवायची गोष्ट होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. त्याच्या मेमरीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. एका बिटाला फेराइटची एक बारीक कडी, आणि कड्यांच्या आरपार मण्यांसारख्या ओवलेल्या तारा. बेरीज केली तर अवघे १० किलोबाइट. आज ८ जीबीच्या पट्टीत त्याच्या आठ लाख पटींहून जास्त मावतं. त्या कड्यांचा एक गुण मात्र आपण गमावला. वीज गेली तरी त्यांच्यातलं चुंबकत्व जागच्या जागी राहायचं.

आजची रॅम विसरते, आणि ती स्वस्त झाली तीही त्यामुळेच. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड १९६६मध्ये मेमरीचा एकेक कण सहा-सहा ट्रान्झिस्टरांनी बांधण्याच्या खटपटीत होते. मग त्यांना सुचलं की एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कणभर साठा धरणारा एक कपॅसिटर एवढंच पुरेल. साठा असला तर एक, नसला तर शून्य. त्यांना १९६८मध्ये पेटंट मिळालं आणि १९७०मध्ये इंटेलची ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आली. अडचण एकच, कपॅसिटर गळतो. म्हणून भरलेला प्रत्येक कप्पा रिकामा व्हायच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी. ८ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,८७२ कोटी कप्पे असतात आणि कॉम्प्युटर चालू आहे तोवर ते सगळे सेकंदाला पंधरा वेळा भरले जातात. बोटभर रुंद पट्टीत हे अखंड चाललेलं असतं, हे आठवलं की मी ती पट्टी आपोआप जपून धरतो.

नवी रॅम आणण्याआधी आहे ती मोकळी करून बघावी. एका क्लिकमध्ये रॅम साफ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी मात्र लागू नये. ते ओट्यावरचं सामान उचलून माळ्यावर टाकतं, आकडा खाली आलेला दिसतो आणि पुढच्याच क्षणी सगळं परत आणावं लागतं. रॅम बरीचशी भरलेली दिसणं हा आजारही नव्हे. उरलेल्या जागेत विंडोज नेहमीच्या फाइली हाताशी ठेवते आणि कुणी जागा मागितली की लगेच सोडते. डिस्क शांत असेल तर ७० टक्क्यांना घाबरायचं कारण नाही.

आईच्या मशीनवर दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा देत होते. एक काढला. सुरू होतानाच उठून बसणारे पाच प्रोग्राम बंद केले, ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन्स उपटली. मग 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' केलं. हल्लीची विंडोज शट डाउन करताना स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवते, कोरी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते. मेमरी ७८ टक्क्यांवर आली. पण दोन पानं जास्त उघडली की पुन्हा कुर्र.

मग पट्टी आणणं आलं. टास्क मॅनेजरमध्येच दिसलं की दोनपैकी एक स्लॉट रिकामा आहे आणि असलेली पट्टी ४ जीबीची डीडीआर३ आहे. पिढी जुळलीच पाहिजे. डीडीआर३ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. सारख्या दोन पट्ट्या असल्या की दोन्हींतून एकाच वेळी ये-जा होते, हा वरचा फायदा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मला वापरलेली ४ जीबीची पट्टी सातशे रुपयांत मिळाली. नव्या पट्ट्यांचा भाव २०२५च्या अखेरीस भराभर चढला. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात आणि त्यांचा ओढा आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे आहे.

भावापेक्षाही मला दुसरी गोष्ट सलते. भाचीच्या नव्या, सडपातळ लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवर डाखलेलीच आहे. ८ जीबी घेतली, ती शेवटपर्यंत ८. बॅटरी जास्त टिकते, जाडी कमी होते, हे खरं. पण घरच्या माणसाने पेचकस घेऊन यंत्राचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवायची सोय गेली. पातळ लॅपटॉपमध्येही बदलता येईल अशा रॅमचं कॅम२ नावाचं प्रमाण २०२३च्या डिसेंबरात मंजूर झालं आहे. ते घरगुती मशीनपर्यंत लवकर पोचावं अशी माझी फार इच्छा आहे.

आईकडे मी वायर काढली, उरलीसुरली वीज जावी म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलं, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. खाच जुळवून पट्टीची दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबली, खटके आपोआप मिटले. चालू केलं तर पडदा काळा, आणि लांब बीप, पुन्हा लांब बीप. आई दारातच उभी होती. "बिघडला का रे?"

कोकणातली हवा दमट, नऊ वर्षांत जुन्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. नातीच्या कंपासमधला पांढरा खोडरबर मागून घेतला, पट्टी कडेने धरली आणि दातांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवला. रबराचे काळे कण निघाले, सोनं उजळलं. ब्रशने कण झटकून पट्टी परत बसवली. या खेपेला एकच छोटी बीप आली आणि पडदा उजळला. ८ जीबी. हिशेब, बँक, फोटो सगळं उघडून ५१ टक्के.

आईने महिन्याचा ताळेबंद एका बैठकीत संपवला. गटातल्या दोघींचे कॉम्प्युटरही असेच अडखळतात म्हणे. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे, खोडरबर पिशवीत आत्ताच टाकून ठेवला आहे.