गोंगाटाआडची चाल : स्कॉटलंडच्या रीड बंधूंचा चार दशकांचा प्रवास

सन १९८३ मध्ये स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइड येथील एका कारखान्यातील कामगाराची नोकरी गेली. नोकरी सुटताना मिळालेल्या भरपाईतील ३०० पौंड त्याने आपल्या दोन बेकार मुलांच्या हाती ठेवले. मुलांनी त्या पैशांतून चार ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करणारे एक छोटे यंत्र विकत घेतले. दोन वर्षांनंतर याच मुलांच्या पहिल्या अल्बमने ब्रिटनमधील रॉक संगीताला वेगळी दिशा दिली. विल्यम रीड आणि जिम रीड ही त्या मुलांची नावे. त्यांचा बँड ‘द जीझस अँड मेरी चेन’ या नावाने ओळखला जातो.

आल्टरनेटिव्ह रॉक या प्रवाहातील अनेक बँड काही वर्षे गाजले आणि विसरले गेले. रीड बंधूंची कहाणी त्याहून निराळी आहे. ज्या जवळिकीतून हा बँड जन्मला, त्याच जवळिकीने तो एकदा मोडला आणि अनेक वर्षांनी पुन्हा उभाही राहिला.

नव्या वसाहतीतील दोन भाऊ

ग्लासगो शहरातील दाट वस्ती कमी करण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने शहराबाहेर नवी गावे वसविण्याचे धोरण स्वीकारले. सन १९४७ मध्ये घोषित झालेले ईस्ट किलब्राइड हे स्कॉटलंडमधील अशा प्रकारचे पहिले गाव. ग्लासगोत जन्मलेले रीड बंधू याच गावात वाढले. थोरला विल्यम १९५८ मधला, तर धाकटा जिम १९६१ मधला.

त्यांच्या तरुणपणी स्कॉटलंडमधील कारखाने एकामागून एक बंद पडत होते. दोघा भावांनी कारखान्यांत थोडाफार काळ काम केले. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे त्यांनी बेकारभत्त्यावर काढली. मात्र ही वर्षे रिकामी गेली नाहीत. घरातील एका खोलीत बसून दोघांनी गाणी रचली, जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि आपला बँड कसा दिसावा, कसा वाजावा याचा बारकाईने विचार केला. प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र त्यांनी जवळपास केलेच नव्हते.

त्यांच्या आवडीही एकमेकींपासून दूरच्या होत्या. एकीकडे साठच्या दशकातील अमेरिकी मुलींच्या गायनसमूहांची आणि ‘बीच बॉइज’ची गोड, सोपी गाणी, तर दुसरीकडे न्यूयॉर्कचा ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ आणि बर्लिनमध्ये यंत्रांच्या कर्कश आवाजांतून संगीत घडविणारे कलावंत. या दोन टोकांना एकाच गाण्यात बसविणे, ही रीड बंधूंची मूळ कल्पना होती.

दोघेही स्वभावाने कमालीचे लाजाळू. रंगमंचासमोर उभे राहून गाण्याची इच्छा एकालाही नव्हती. अखेर गायनाची जबाबदारी जिमकडे आली आणि विल्यमने गिटार हाती घेतली. डग्लस हार्ट हा तरुण बास गिटारवर होता. चारऐवजी दोनच तारा लावलेल्या गिटारवर तो वाजवीत असे.

एका कॅसेटचा प्रवास

बँडची प्राथमिक ध्वनिमुद्रणे असलेली कॅसेट ग्लासगोत फिरत असताना बॉबी गिलेस्पी या तरुण संगीतकाराच्या हाती पडली. त्याने ती आपला मित्र ॲलन मगी याला ऐकविली. मूळ ग्लासगोचा असलेला मगी लंडनमध्ये ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’ ही छोटी कंपनी चालवीत होता. सन १९८४ मध्ये त्याने रीड बंधूंना लंडनला आपल्या क्लबमध्ये कार्यक्रमासाठी बोलावले आणि लगेच करारबद्ध केले.

त्या काळी ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांच्या वर्चस्वाबाहेर राहून स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या छोट्या कंपन्यांचे जाळे उभे राहिले होते. त्यांच्या खपाची वेगळी क्रमवारीही प्रसिद्ध होत असे. ‘इंडी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. नोव्हेंबर १९८४ मध्ये आलेले ‘अपसाइड डाउन’ हे रीड बंधूंचे पहिले गाणे या क्रमवारीत फेब्रुवारी १९८५ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि एक वर्षाहून अधिक काळ यादीत टिकून राहिले. याच सुमारास गिलेस्पी बँडमध्ये ड्रमवादक म्हणून दाखल झाला. तो उभा राहून केवळ दोन ड्रम वाजवीत असे.

फीडबॅक म्हणजे काय?

या गाण्यांचे वैशिष्ट्य होते ‘फीडबॅक’. सभेत मायक्रोफोन ध्वनिवर्धकाच्या फार जवळ आला की कानठळ्या बसविणारी शीळ उमटते, हा अनुभव सर्वांना परिचित आहे. मायक्रोफोनने टिपलेला आवाज ध्वनिवर्धकातून मोठा होऊन बाहेर पडतो, तोच पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि हे चक्र थांबत नाही. इलेक्ट्रिक गिटारबाबतही असेच घडते. ध्वनिवर्धकाच्या आवाजाने गिटारची तार पुन्हा कंप पावते आणि तो कंप पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो.

बहुतेक वादक हा दोष टाळण्याचा प्रयत्न करतात. साठच्या दशकात जिमी हेंड्रिक्ससारख्या वादकांनी त्याचा वादनात अलंकारासारखा उपयोग केला होता. रीड बंधूंनी मात्र तो संपूर्ण गाण्यावर पडद्यासारखा अंथरला. पडद्यामागे गाण्याची चाल साधी, गोड आणि लक्षात राहणारी असे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला केवळ गोंगाट ऐकू येई. दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना त्यामागील चाल हळूहळू उलगडत जाई.

नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या ‘सायकोकँडी’ या पहिल्या अल्बममध्ये ही पद्धत पूर्णत्वास गेली. तोपर्यंत बँड मोठ्या वॉर्नर समूहाशी संलग्न असलेल्या ‘ब्लँको इ नेग्रो’ या कंपनीकडे गेला होता. अल्बममधील ‘जस्ट लाइक हनी’ हे गाणे अमेरिकेतील ‘रॉनेट्स’ या गायनसमूहाच्या १९६३ मधील ‘बी माय बेबी’ या गाण्यातील ड्रमच्या ठेक्याने सुरू होते. ब्रिटनच्या क्रमवारीत हा अल्बम ३१ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. त्याचा प्रभाव मात्र त्याच्या खपापेक्षा कितीतरी मोठा ठरला. पुढे ‘शूगेझ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीचा पाया या अल्बमने घातला, असे मानले जाते. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा त्या शैलीतील सर्वांत नावाजलेला बँड.

संगीतापेक्षा गाजलेली दंगल

त्याच वर्षी बँडला वेगळ्या कारणानेही प्रसिद्धी मिळाली. सुरुवातीच्या काळात त्यांचे कार्यक्रम जेमतेम पंधरा-वीस मिनिटे चालत. वादक अनेकदा श्रोत्यांकडे पाठ करून उभे राहत. मार्च १९८५ मध्ये नॉर्थ लंडन पॉलिटेक्निक येथील कार्यक्रम असाच अल्पावधीत आटोपल्यावर श्रोते संतापले आणि त्यांनी वाद्ये व ध्वनियंत्रणेची मोडतोड केली. वृत्तपत्रांनी या घटनेला मोठी प्रसिद्धी दिली. त्यानंतर अनेक जण गाणी ऐकण्याऐवजी दंगल पाहण्यासाठी येऊ लागले. लाजाळूपणातून आलेल्या वागण्याला श्रोत्यांनी उद्धटपणा मानले आणि ती प्रतिमा बँडला बराच काळ चिकटून राहिली.

गोंगाट बाजूला सारल्यावर

सन १९८६ मध्ये गिलेस्पी आपल्या ‘प्रायमल स्क्रीम’ या बँडकडे पूर्ण लक्ष देण्यासाठी बाहेर पडला. त्याच वर्षी ‘सम कँडी टॉकिंग’ या गाण्यात अमली पदार्थांचा छुपा उल्लेख असल्याचा आक्षेप बीबीसीच्या रेडिओ वनवरील एका निवेदकाने घेतला. वाद होऊनही ते गाणे १३ व्या क्रमांकावर पोहोचले.

पुढील अल्बममध्ये रीड बंधूंनी अनपेक्षित पाऊल उचलले. ज्या फीडबॅकने त्यांना ओळख दिली, तोच त्यांनी जवळपास काढून टाकला. ड्रमवादकाऐवजी यंत्राचा ठेका वापरला. सन १९८७ मध्ये आलेला ‘डार्कलँड्स’ हा अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर पोहोचला, तर त्यातील ‘एप्रिल स्काइज’ हे गाणे आठव्या क्रमांकावर गेले. गोंगाट बाजूला सारल्यानंतरही गाणी ताठ उभी राहिली. या बँडकडे कर्कश आवाजाखेरीज काहीच नाही, या टीकेला मिळालेले हे उत्तर होते.

सन १९८९ मध्ये ‘ऑटोमॅटिक’ हा अल्बम आला. त्यातील ‘हेड ऑन’ हे गाणे अमेरिकेतील ‘पिक्सीज’ या बँडने १९९१ मध्ये आपल्या शैलीत सादर केले. समकालीन कलावंत रीड बंधूंकडे किती आदराने पाहत होते, याची ती खूण होती.

सन १९९२ : उंची आणि उतार

सन १९९२ हे वर्ष बँडच्या वाटचालीत महत्त्वाचे ठरले. ‘रेव्हरन्स’ हे गाणे त्यातील धार्मिक आणि केनेडी हत्येसंबंधीच्या उल्लेखांमुळे बीबीसीने वाजविणे टाळले, तरीही ते दहाव्या क्रमांकावर गेले. ‘हनीज डेड’ हा अल्बम त्याच वर्षी सुरू झालेल्या मर्क्युरी पुरस्काराच्या पहिल्याच अंतिम यादीत होता. पुरस्कार मात्र त्यांच्या जुन्या ड्रमवादकाच्या ‘प्रायमल स्क्रीम’ला मिळाला.

त्या वर्षी रीड बंधूंनी ‘रोलरकोस्टर’ या नावाने ब्रिटनचा दौरा आखला. त्यात ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, अमेरिकेतील ‘डायनोसॉर ज्युनियर’ आणि तेव्हा नवखा असलेला ‘ब्लर’ यांना त्यांनी सोबत घेतले. उन्हाळ्यात अमेरिकेतील ‘लोलापलूझा’ या फिरत्या महोत्सवात त्यांना दिवसाउजेडी कार्यक्रम करावे लागले. धूर आणि अंधूक प्रकाशात वाजविणाऱ्या या बँडला तो अनुभव मानवला नाही.

यानंतर ब्रिटनमधील संगीताची हवा बदलली. ‘ब्रिटपॉप’ची लाट आली आणि ‘ब्लर’ व ‘ओएसिस’ घराघरांत पोहोचले. सन १९९४ मध्ये आलेल्या ‘स्टोन्ड अँड डिथ्रोन्ड’मध्ये रीड बंधूंनी संथ, मृदू गाणी दिली. होप सँडोव्हल या अमेरिकी गायिकेसोबतचे ‘समटाइम्स ऑलवेज’ हे गाणे गाजले. पण कंपनीचा उत्साह ओसरत होता. अखेर बँड पुन्हा मगीच्या ‘क्रिएशन’कडे परतला. जून १९९८ मध्ये आलेल्या ‘मंकी’ या अल्बमचे पहिले गाणे रॉक संगीतावरील प्रेमाची ग्वाही देते, तर शेवटचे त्याच संगीताचा तिटकारा व्यक्त करते. दोघा भावांच्या तेव्हाच्या मनःस्थितीचे हे नेमके चित्र होते.

लॉस एंजेलिसमधील रात्र

एकाच खोलीत वाढलेले, एकच स्वप्न पाहिलेले हे भाऊ तोवर पंधरा वर्षे एकत्र काम, प्रवास आणि वास्तव्य करीत होते. मतभेद झाल्यावर दूर जाण्यास जागाच उरत नव्हती. दारू आणि अमली पदार्थांनी परिस्थिती आणखी बिघडविली. रंगमंचाची भीती घालविण्यासाठी आपण मद्याचा आधार घेत होतो, हे जिमने पुढे उघडपणे सांगितले आहे.

सप्टेंबर १९९८ मध्ये लॉस एंजेलिसमधील ‘हाउस ऑफ ब्लूज’ येथे जिम मद्यधुंद अवस्थेत रंगमंचावर आला. सुमारे पंधरा मिनिटांत विल्यम रंगमंच सोडून निघून गेला आणि कार्यक्रम तेथेच थांबला. उर्वरित दौरा त्याच्याविना पार पडला. सन १९९९ मध्ये बँड संपुष्टात आल्याचे अधिकृतपणे जाहीर करण्यात आले. दोघांनी वेगवेगळे संगीत प्रकल्प हाती घेतले, परंतु त्यांपैकी एकालाही पूर्वीसारखे यश लाभले नाही.

पुन्हा एकत्र

भावांना जवळ आणण्यात धाकटी बहीण लिंडा हिचा वाटा होता. ‘सिस्टर व्हॅनिला’ या नावाने तिने केलेल्या अल्बमसाठी दोघांनीही काम केले. याच सुमारास, म्हणजे २००३ मध्ये, सोफिया कोपोला यांच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटाच्या शेवटी ‘जस्ट लाइक हनी’ वाजले आणि नव्या पिढीला या बँडची ओळख झाली. एप्रिल २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात दोघे भाऊ पुन्हा एकत्र उभे राहिले. त्या गाण्याला साथ देण्यासाठी चित्रपटाची नायिका स्कार्लेट जोहान्सन रंगमंचावर आली होती.

नवा अल्बम मात्र लगेच झाला नाही. तो कसा आणि कोठे करायचा, यावर भावांचे एकमत होण्यास दहा वर्षे लागली. सन २०१७ मध्ये आलेल्या ‘डॅमेज अँड जॉय’साठी त्यांनी ‘यूथ’ या नावाने परिचित असलेल्या निर्मात्याची मदत घेतली. पूर्वी बहुतेक निर्मिती स्वतःच करणाऱ्या रीड बंधूंना आता मध्यस्थ हवासा वाटला. दुसऱ्याच्या दुःखातून होणाऱ्या आनंदासाठी जर्मन भाषेत जो जोडशब्द आहे, त्याची फोड म्हणजे या अल्बमचे नाव.

मार्च २०२४ मध्ये ‘ग्लासगो आइज’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या जन्मगावी, ग्लासगोतील ‘मोगवाय’ या बँडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. त्याच वर्षी दोघा भावांचे संयुक्त आत्मचरित्रही आले. त्यात एकाच आयुष्याच्या आठवणी दोघांनी आपापल्या आवाजात सांगितल्या आहेत.

रीड बंधूंचे भांडण संपले, असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणत नाही. मतभेदांसह सोबत कसे राहावे, एवढे ते वयाच्या साठीपर्यंत शिकले, असे फार तर म्हणता येईल. कारखान्यातून घरी परतलेल्या बापाने ते ३०० पौंड दोघांना मिळून दिले होते, त्यांची वाटणी केली नव्हती. त्या पैशांतून आलेल्या यंत्रावर घडलेली गाणीही तशीच आहेत. गोंगाट आणि चाल परस्परांशी झगडत असतात, पण एकाला वगळून दुसऱ्याला पूर्णत्व येत नाही.