हृदय थकले आहे, हे कसे ओळखावे?



सातपुड्यातील अक्राणी तालुक्यात आमचा फिरता दवाखाना दर पंधरवड्याला पाड्यापाड्यांवर जातो. त्यात मी नर्स म्हणून काम करते. या वेळी माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहिते आहे. ती चूक शहरातल्या शिकलेल्या घरांतही होते, म्हणून तुम्ही ती वाचावी असे वाटते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक तरुण आई तपासणीला आली. वय पंचविशीच्या आसपास, कडेवर सहा महिन्यांचे बाळ. अंगात ताकद नाही आणि रात्री खोकला येतो, एवढेच तिचे म्हणणे. मी विचारले, "दम लागतो का?" ती म्हणाली, "नाही, सिस्टर." हिमोग्लोबिन पाहिले, ते 9 निघाले. बाळंतपणानंतर रक्त कमी झाले आहे, म्हणून थकवा, असा हिशेब मी लावला आणि लोहाच्या गोळ्या व खोकल्याचे औषध देऊन तिला घरी पाठवले. एक कारण सापडले की दुसरे शोधायचे आपण थांबतो, तसेच झाले.

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा दोन्ही पावले सुजलेली होती. मधल्या काळात नवऱ्याने तिला बाजाराच्या गावी नेऊन ताकदीसाठी सलाईनच्या दोन बाटल्या लावून आणल्या होत्या. त्या रात्रीपासून तिला आडवे पडता येत नव्हते. भिंतीला टेकून बसूनच ती रात्र काढत होती. सोबत सासू होती. ती सहज बोलून गेली, "पाणी आता मीच आणते. होळीपासून ही झऱ्यावर गेलेलीच नाही."

तिला दम लागत नव्हता, कारण दम लागेल असे प्रत्येक काम तिने हळूहळू सोडून दिले होते. मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

'हार्ट फेल्युअर' म्हटले की हृदय बंद पडले, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात हृदय चालूच असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण 70 ठोके देते आणि सुमारे 5 लिटर रक्त फिरवते. हे काम कमी पडू लागले की पुढे रक्त पुरेसे पोहोचत नाही, म्हणून थकवा येतो. मागे ते तुंबते, पाटाच्या तोंडाशी गाळ साचला की मागच्या वाफ्यात पाणी पसरते तसे. फुप्फुसांत तुंबले तर दम आणि खोकला, पायांत तुंबले तर सूज. यकृतात आणि आतड्यांत तुंबले तर पोट जड होते आणि दोन घास खाल्ले की पुरे वाटते. त्यात भर म्हणजे मूत्रपिंडांकडे रक्त कमी आले की शरीरात पाणीच कमी आहे असे समजून ती मीठ आणि पाणी आणखी धरून ठेवतात. अशा शरीरात सलाईन चढवणे म्हणजे तुंबलेल्या पाटात आणखी पाणी सोडणे.

आडवे झाल्यावर पायांतले पाणी रक्तात परत येते आणि फुप्फुसांवरचा भार वाढतो. म्हणून या आजाराची खरी ओळख रात्री पटते. घरातले माणूस पूर्वी एक उशी घेत असे, आता दोन-तीन घेते का? झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी घाबरून उठून बसते का, दार उघडून हवेला जाते का? खोकला पडल्यावर वाढतो आणि बसल्यावर कमी होतो का? लघवीला रात्री वारंवार उठावे लागते का? असा खोकला पुष्कळदा दमा म्हणून महिनोन् महिने औषधे खात राहतो.

मागे एका शहरातल्या मंडळीत मी कामाची माहिती द्यायला गेले होते. उपासनेनंतर चहा घेताना सत्तरीचे एक काका हसत म्हणाले, "वय झालं आता. बूटसुद्धा घट्ट होतात." मी त्यांना मोजा खाली करायला लावला. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरला, तर तिथे खळगा राहिला. प्रत्येक सूज हृदयाचीच असते असे नाही. मूत्रपिंड, यकृत, रक्तक्षय, पायांच्या शिरा अशी इतर कारणेही असतात. पण म्हातारपणाने पायात खळगा पडत नाही. काकांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवले.

शहरात हृदय थकण्याचे कारण बहुधा जुना हार्ट अटॅक, रक्तदाब किंवा मधुमेह असते. आमच्याकडे आणखी काही कारणे भेटतात. तीव्र रक्तक्षय हे एक, आणि या भागात सिकलसेलही आहे. वर्षानुवर्षांच्या दारूनेही हृदयाचा स्नायू सैल पडतो. काही स्त्रियांचे हृदय बाळंतपणाच्या सुमारास दुर्बळ होते. आणि लहानपणी घसा येऊन गेल्यावर सांधे धरणारा ताप, संधिवाताचा ताप म्हणतात तो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊन राहतात. त्या आईला हेच झाले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको केली, तेव्हा कळले की तिच्या डाव्या बाजूची झडप आकसली होती.

उपचार आहेत. साचलेले पाणी काढणाऱ्या आणि हृदयाचा भार हलका करणाऱ्या गोळ्या असतात. पण सूज उतरली की लोक त्या बंद करतात आणि महिन्याभरात पुन्हा खाटेवर येतात. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन करावे. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, लगेच दाखवावे. मीठ कमी करायला सांगितले की लोक भाजीत कमी घालतात, पण पापड, लोणचे आणि सुके बोंबील विसरतात. अंगदुखीच्या गोळ्या आणि इंजेक्शनेही मनाने घेऊ नयेत, त्यांतल्या अनेकांनी शरीरात पाणी साचते.

बसल्या जागी दम लागला, तोंडातून गुलाबी फेस आला, छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा ओठ निळे पडले तर मात्र वाट पाहायची नाही. माणसाला उशांना टेकवून बसते ठेवा आणि 108 ला फोन करा.

आता मी "दम लागतो का?" असे विचारून थांबत नाही. "पाण्याचा हंडा कोण आणतं? मागच्या वर्षी करत होता आणि आता करत नाही, असं काय आहे?" असे विचारते, आणि शक्य तिथे हे सासूला, नवऱ्याला किंवा मुलीला विचारते.

त्या आईची आकसलेली झडप मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्याने उघडली, छाती कापावी लागली नाही. दर 21 दिवसांनी तिला पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, म्हणजे तो ताप पुन्हा येऊन झडप आणखी बिघडवणार नाही. आमची फेरी चुकली तर ती नदी ओलांडून स्वतः येते. मागच्या खेपेला तिच्या डोक्यावर हंडा होता. पूर्वी ती दोन आणत असे, आता एकच आणते.