चोच आणि चारा

कोलंबिया हा देश आकाराने भारताच्या साधारण एकतृतीयांश. तरीही तिथे पक्ष्यांच्या १,९०० हून अधिक जातींची नोंद आहे. भारतात हा आकडा १,३०० च्या थोडा पुढे जातो. जगातल्या सुमारे ११,००० जातींपैकी सहावा हिस्सा या एका देशात दिसतो, आणि त्याचे कारण नकाशावरच सापडते. अँडीज पर्वत कोलंबियात शिरला की त्याच्या तीन रांगा होतात. एका अंगाला पॅसिफिकचा मुसळधार पावसाचा किनारा, दुसऱ्या अंगाला अ‍ॅमेझॉनचे खोरे, मध्ये खोल, उष्ण दऱ्या. दरीतला पक्षी थंड माथा ओलांडत नाही, माथ्यावरचा खाली उतरत नाही. हजारो पिढ्या अशा ताटातुटीत गेल्या की एका जातीच्या दोन होतात.

पण जातींची संख्या सांगितली म्हणजे पक्ष्यांविषयी सगळे सांगून झाले असे नाही. एखादा पक्षी काय खातो आणि ते खाणे त्याला कुठे मिळते, या दोन गोष्टींवर तो पुढच्या शतकात असेल की नसेल हे बरेचसे ठरत असते.

हमिंगबर्डचेच पाहा. त्यांच्या ३५० हून अधिक जाती आहेत आणि अमेरिका खंडांबाहेर त्यांतली एकही नाही. अँडीजमधल्या तलवारचोच्या हमिंगबर्डची चोच, शेपूट सोडली तर, उरलेल्या शरीराहून लांब असते. कृष्णकमळाच्या कुळातल्या लांब नळीच्या फुलांतला मध फक्त तिलाच गाठता येतो. या चोचीने पिसे साफ करता येत नाहीत, म्हणून तो पायांनी अंग विंचरतो. हमिंगबर्डना दिवसभर मध लागतो. रात्री तो मिळत नाही, तेव्हा त्यांच्यातले अनेक जण शरीराचे तापमान एकदम खाली आणून सकाळपर्यंत निश्चेष्ट राहतात. दक्षिण अमेरिकेतलाच होआत्झिन मात्र चक्क पाला खातो आणि गुरांप्रमाणे पोटाआधीच्या पिशवीत तो आंबवतो. त्याच्या अंगाला शेणाचा वास येतो असे जवळून पाहणारे सांगतात. व्हेनेझुएलातल्या गुहांत राहणारा तेलपक्षी रात्री फळे शोधतो आणि काळोखात वटवाघळासारखा आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो.

भारतात आणि आफ्रिकेत फुलांतल्या मधाची जागा शिंजिरांनी घेतली, ऑस्ट्रेलियात मधखाऊ पक्ष्यांनी. ऑस्ट्रेलियातल्या रीजेंट मधखाऊची सध्याची अवस्था मन विषण्ण करणारी आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियातली निलगिरीची जंगले शेतीसाठी तुटली आणि फुलोऱ्यामागे भटकणारा हा पक्षी काही शेकड्यांवर आला. तरुण नर गाणे शिकतात ते मोठ्या नरांचे ऐकून. आता काही नरांना ऐकायला आपल्या जातीचा कोणी मिळतच नाही, त्यामुळे ते दुसऱ्याच जातींचे गाणे गातात आणि मादीला ते ओळखीचे वाटत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे नोंदले गेले.

इसवी सन १५०० नंतर नामशेष झालेल्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य बेटांवरचे होते. हवाई बेटांवर फिंच कुळातल्या एका पूर्वजापासून पन्नासहून अधिक जाती घडल्या. कोणाची चोच मधासाठी वाकलेली, कोणाची बिया फोडण्यासाठी जाड, कोणाची सालीखालच्या अळ्या काढण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांबरोबर तिथे डास पोचले आणि पुढे पक्ष्यांना होणारा मलेरिया पसरला. आज यांतल्या जेमतेम दीड डझन जाती उरल्या आहेत, त्याही बहुतेक डासांना न सोसणाऱ्या थंड उंचीवर. हवामान तापत आहे तसे डास वर चढत आहेत. म्हणून २०२३ पासून तिथे हेलिकॉप्टरमधून विशिष्ट जिवाणू असलेले नर डास सोडले जातात. त्यांच्याशी जुळलेल्या रानटी माद्यांची अंडी उबत नाहीत. पक्षी वाचवण्यासाठी डास वाटत फिरण्याची वेळ यावी, यावरून बेटांवरच्या संकटाची खोली कळते.

मॉरिशस म्हटले की डोडो आठवतो. मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या या बेटावर १९७४ मध्ये मॉरिशस ससाण्याचे रानात फक्त चार पक्षी उरल्याची नोंद होती. जंगल तुटले होते, शिवाय डीडीटीच्या फवारणीने घात केला होता. कार्ल जोन्स या जीवशास्त्रज्ञाने घरट्यातली पहिली अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवली. मादीने पुन्हा अंडी घातली. अशी वाढवलेली पिल्ले रानात सोडत सोडत ही संख्या काही शेकड्यांवर गेली. जगातली ही फार मोठी कामगिरी आहे आणि ती डोडोइतकीच प्रसिद्ध व्हायला हवी.

याच बेटावर आपली साळुंकीही आहे. टोळ खाण्यासाठी तिला अठराव्या शतकात तिथे नेले. ऑस्ट्रेलियात १८६२ मध्ये, हवाईत १८६५ मध्ये तिला असेच कीड मारण्याच्या कामी सोडण्यात आले. साळुंकी किडे खाते, फळे खाते, उष्टे खाते आणि कोणत्याही भोकात घरटे करते. आज जगातल्या सर्वांत घातक १०० उपऱ्या जीवांच्या यादीत तिचे नाव आहे. एकच फूल ओळखणारी चोच मागे पडते आहे आणि सगळे खाणारी चोच जगभर पसरते आहे. शहरोशहरीचे पक्षी दिवसेंदिवस सारखेच दिसू लागले आहेत ते यामुळेच.

महाराष्ट्रातल्या माळढोकाचे संकट चाऱ्यापेक्षा पत्त्याचे आहे. टोळ, सरडे, बोरे, धान्य, त्याला बरेच काही चालते. पण राहायला उघडा गवताळ माळच लागतो. सरकारी दप्तरात माळाची नोंद बहुधा पडीक जमीन अशीच होते, आणि पडीक म्हटले की कालवा, कारखाना, झाडांची लागवड यांना दार उघडते. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी तिथला माळढोक जवळपास संपला. देशात मोकळ्या रानात उरलेले दीडशेच्या आतले पक्षी मुख्यतः जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. या जड पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही. मादी सहसा एका वेळी एकच अंडे घालते, त्यामुळे तारेवर आदळून गेलेला एक पक्षीही भरून काढायला वर्षे लागतात.

रानपिंगळ्याची हकिगत अधिक आशेची. १८८४ नंतर हे छोटे घुबड कोणाला मिळाले नव्हते. १९१४ ची गुजरातमधली एक नोंद होती, पण तो नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. ही लबाडी पामेला रासमुसेन यांनी उघड केली, खोटा पत्ता बाजूला ठेवला आणि खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे त्या सहकाऱ्यांसह निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात त्यांना दिवसाउजेडी बसलेला रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटात आणि मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही आढळला.

प्रवासी पक्ष्यांना एकच पत्ता पुरत नाही. अमूर ससाणा सैबेरिया-चीनच्या भागातून निघतो, नागालँडमध्ये वाळवीवर ताव मारून अंगात चरबी साठवतो, मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिका गाठतो. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले जात असल्याचे उघडकीस आले. पांगती आणि शेजारच्या गावांनी वर्षभरात ही शिकार थांबवली. समुद्रावरच्या अल्बट्रॉसला वाचवायला आणखी कमी लागले. लांब दोरांच्या गळांवरचे आमिष गिळताना तो बुडून मरतो; बोटीमागे फडफडत्या रंगीत फिती लावल्या की तो दूर राहतो. नामिबियाच्या बोटींवर या उपायाने पक्ष्यांचे मृत्यू ९० टक्क्यांहून अधिक घटले.

गिधाडांबाबत भारताला इतके सोपे गेले नाही. १९९० च्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे इतक्या वेगाने संपली की २००७ पर्यंत दर हजारातले एकच उरले. कारण सापडले २००४ मध्ये, लिंडसे ओक्स यांच्या पाकिस्तानातल्या संशोधनातून. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते. मूत्रपिंडे निकामी होत, यूरिक आम्ल अवयवांवर साचे आणि पक्षी काही दिवसांत मरे. शंभरात एका शवात औषध असले तरी एवढी घसरण होऊ शकते, असे गणित निघाले, कारण एका शवावर गिधाडांची सगळी पंगत बसते. जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जात, त्या मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला सौर परावर्तक बसवावे लागले. उकिरड्यांवर भटकी कुत्री वाढली.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या आणि २०१५ मध्ये त्यांचा आकार घटवावा लागला. नंतर एकेक करून केटोप्रोफेन, असेक्लोफिनॅक ही औषधेही गिधाडांना मारक ठरली. त्यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडले. दर वेळी औषध आधी बाजारात येते, गिधाडे मेल्यावर चाचणी होते. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल ही दोन औषधे गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे आणि दोन्ही गुरांसाठी उपयोगी आहेत. गुरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरची चाचणी परवान्याआधीच झाली पाहिजे. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये पेंचला आणली गेली. रानात सुटल्यावर ती कोणत्या गावच्या गुरांवर उतरतील हे कोणाच्या हाती नाही, त्या गावच्या औषधाच्या दुकानात काय मिळते हे मात्र नियमाने ठरवता येते.